मी आखलेली वाट

हे लिहायला बसलो तेव्हा बायको म्हणाली, "काय झालं ते थोडक्यात लिवा. तुमाला लय पाल्हाळ लागतंय." म्हणून आधीच सांगून टाकतो. मला स्क्रब टायफस झाला होता. गवतात राहणारा, डोळ्याला न दिसणारा एक किडा चावतो, चावलेलं कळत नाही आणि आठ-दहा दिवसांनी ताप येतो. वेळेत ओळखला तर जुन्या, साध्या कॅप्सूलने माणूस आठवड्यात बरा होतो. नाही ओळखला तर काय होतं, ते मी बऱ्याच अंतरापर्यंत जाऊन पाहून आलो आहे. माझा आजार उशिरा ओळखला गेला, त्याला कारण मीच. मला दोन सरळ प्रश्न विचारले गेले आणि दोन्हींना मी 'नाही' म्हणालो. दोन्ही उत्तरं मला तेव्हा खरी वाटत होती.

तो किडा मला ज्या वाटेवर चावला ती वाट मीच आखली होती, दुसऱ्यांनी पळावं म्हणून. लिहिण्याचं खरं कारण हे आहे.

वाट

मी गंगाखेडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. वय त्रेपन्न. दहा वर्षांपूर्वी साखर काठावर आली म्हणून पळायला लागलो. पहिली दोन वर्षं लोक थांबवून विचारायचे, "सर, कुठं आग लागली?" पुढे कुत्री ओळखायला लागली, मग माणसंही.

माझी रोजची वाट घाटावरून सुरू व्हायची. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. काठाने बेशरमीच्या झुडपांमधून काही अंतर, मग डांबरी सडक, आणि एका वळणावर सडक सोडून ओढ्याच्या कडेने दक्षिणेला, बालाघाटच्या टेकड्यांकडे. नकाशावर या टेकड्या डोंगररांग म्हणून दाखवतात. जवळ गेलं की त्या नुसत्या थकून बसलेल्या दिसतात. पण चढ आहे, वारा आहे आणि खिंडीतून मागे पाहिलं की नदी दिसते. मला तेवढं पुरेसं होतं.

गेल्या पावसाळ्यात गावात अर्धमॅरेथॉन भरवायचं ठरलं. नाव 'गंगाकाठ ते बालाघाट'. समितीत सतरा जण, पळणारे दोन. एक मी, दुसरे अध्यक्ष अशोकराव. ते क्रीडाशिक्षक म्हणून निवृत्त झालेले, माझे जुने मित्र. समितीच्या चार बैठका झाल्या. पहिल्या तीन बैठकांत व्यासपीठावर कोण कुठे बसणार यावर चर्चा झाली. मार्गाचा विषय चौथ्या बैठकीत चहा येईपर्यंतच्या वेळात संपला. "मार्ग सरांकडं," अशोकराव म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी ते काम मनापासून केलं. सहा वेळा वाट मोजली. मैदान आखायच्या पांढऱ्या फक्कीची पिशवी घेऊन ओढ्याच्या कडेच्या दगडांवर बाण काढले. पाऊस उशिरापर्यंत पडत राहिला होता, गवत कमरेएवढं वाढलं होतं. दगड शोधायला गवत बाजूला सारावं लागे, बाण काढायला गुडघे टेकून बसावं लागे. त्या पट्ट्यात एक विचित्र गोष्ट होती. आजूबाजूच्या माळावर सगळीकडे मेंढ्यांनी गवत कुरतडून जमिनीला भिडवलं होतं. इथे एकाही काडीला तोंड लागलेलं नव्हतं.

तिथेच एकदा मेंढरं वळवणारी एक म्हातारी भेटली. लांबूनच ओरडली, "मास्तर, इकडून कामून जायलाव?"

"रस्ता आखायलोय, आजी. पळायची स्पर्धा आहे."

"त्या गवतात नगा बसू. आमी ह्या दिवसांत मेंढरं घालत न्हाई तिथं."

"का बरं?"

"ताप येतो."

"मेंढरांना?"

"मेंढरांला कशाला? माणसांला. माझा दीर त्यातच गेला."

मी हसलो नाही, पण मनात हसलो. मी आयुष्यभर पुस्तकांत राहिलेला माणूस. जागेला ताप असतो, झाडाला भूत असतं, असल्या गोष्टी मी गोळा करतो, मानत नाही. आजीला नमस्कार केला आणि पुढच्या दगडाजवळ गुडघे टेकले.

इलॅस्टिक

आठवड्याभराने आंघोळ करताना उजव्या जांघेच्या वर, बरोबर चड्डीच्या इलॅस्टिकखाली एक फोड दिसला. दोन दिवसांत त्याची काळी खपली झाली, विडी टेकवल्यासारखी. दुखत नव्हती, खाजत नव्हती. पळण्याची चड्डी नवी होती. पळणाऱ्या माणसाच्या अंगावर असं काहीतरी कायम घासलेलं असतं. मी व्हॅसलिन लावलं आणि विसरलो.

मग ताप आला. डोकं असं दुखायचं की डोळे हलवायची भीती वाटे. सुनंदा, माझी बायको, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "आता तरी पळायचं थांबवा." मी गोळी घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी चार किलोमीटर पळून आलो. हे लिहिताना मला माझीच कीव येते, पण लपवून उपयोग नाही.

तिसऱ्या दिवशी गावातच सलाईन लावलं. आमच्याकडे ताप आला की भेटायला येणारा पहिल्यांदा विचारतो, "सलाईन लावलं का?" लावलं असेल तर त्याचं समाधान होतं आणि तो चहा घेऊन जातो. माझ्याकडे आलेल्या सगळ्यांचं समाधान झालं. ताप मात्र एकशे चारला होता.

पाचव्या दिवशी परभणीला न्यायचं ठरलं. गाडीत मी आडवा होतो. पोखर्णीचा फाटा आला तेव्हा सुनंदाने खिडकीतून नरसिंहाला हात जोडले. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, मी तिला वाटेत हात जोडताना पुष्कळदा पाहिलं आहे. ओठ हलत नाहीत असं पहिल्यांदा पाहिलं. ती काही मागत नव्हती, नुसती बघत होती. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

दोन प्रश्न

दवाखान्यात तापाचे इतके रुग्ण होते की खाटांमधून वाट काढावी लागे. आम्हाला तपासणाऱ्या डॉक्टर मुलीचं वय माझ्या मुलीएवढं. दमलेली होती, पण प्रश्न नीट विचारत होती.

"शेतात काम करता का? गवतात, झाडीत जाणं होतं?"

"नाही. मी ग्रंथपाल आहे."

हे मी किंचित अभिमानाने म्हणालो, असं मला आठवतं.

"अंगावर कुठे जखम, फोड, काळा डाग?"

"नाही."

पहिलं उत्तर असं का दिलं, याचा मी नंतर खूप विचार केला. रोज सकाळी दहा-बारा किलोमीटर गवतातून जाणारा माणूस 'गवतात जात नाही' कसं म्हणतो? तर माझ्या डोक्यात गवतात जातो तो शेतकरी, गुराखी, कामावर जाणारा. मी पळायला जातो. पळणं ही वेगळी गोष्ट, अंतर आणि वेळ यांची. पायाखाली काय आहे, हा तिचा भाग नाही.

दुसऱ्या 'नाही'ला तर विचारही लागत नाही. इलॅस्टिकने घासलेली जागा म्हणजे जखम नव्हे. शिवाय ती कुठे होती हे मला ठाऊक होतं, आणि समोर मुलीच्या वयाची डॉक्टर उभी होती.

डेंगी नाही, मलेरिया नाही असे अहवाल आले. दुसऱ्या दिवशी दुपारी मला दम लागायला लागला. दहा वर्षं मी श्वास मोजत पळलो, कुठे वाढवायचा, कुठे धरायचा ते शिकलो. आता पडल्या जागी श्वास पुरत नव्हता. मला उचलून अतिदक्षता विभागात नेलं.

काचेच्या आत

तिथे दिवस-रात्र एकच उजेड असतो. सगळी यंत्रं एकमेकांशी बोलत असतात आणि माणसं गप्प. माझ्या डाव्या हाताच्या खाटेवर मानवतकडचे एक गृहस्थ होते. सकाळी त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली होती. दुपारी पडदा ओढला गेला. थोड्या वेळाने पडदा उघडला तेव्हा खाटेवर स्वच्छ चादर होती. फरशी पुसणाऱ्या मावशींनी त्या खाटेखाली दोनदा पुसलं.

याच मावशींनी संध्याकाळी ओल्या फडक्याने माझे ओठ पुसले. "सर, डोळे उघडे ठेवा. झोपलाव की हे मशीन वरडतंय आन् मला धावावं लागतंय," म्हणाल्या. माझ्यासाठी कोणाला तरी धावायचा कंटाळा येतो आहे, हे ऐकून फार बरं वाटलं.

सुनंदाला पाच मिनिटं आत सोडत. पहिल्या वेळी तिने माझी चादर सारखी केली आणि गेली. दुसऱ्या वेळी म्हणाली, "कोण सांगितलं होतं पळायला? मी सांगितलं होतं? पोरांनी सांगितलं होतं?" आणि रडली. तोंडावर मास्क होता, त्यामुळे मला उत्तर द्यावं लागलं नाही. ती सोय होती.

डॉक्टर तिथेच उभी होती. तिने मान वर केली. "पळायला म्हणजे?"

"म्हणजे काय! रोज सकाळी. गंगेच्या काठानं, डोंगरापर्यंत. घरी येतेत तर मोज्यांला कुसळं, चड्डीला कुसळं. मला एक-एक काढत बसावं लागतंय."

"ते गवतात जात नाहीत म्हणाले होते."

"हे?" सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. "डॉक्टर, ह्यांचा जीवच गवतात हाय."

पुढची पाच मिनिटं मी कधी विसरणार नाही. पडदा ओढला. डॉक्टरने नर्सला बरोबर घेऊन माझ्या काखा, कानामागे, पाठ, सगळं पाहिलं आणि मग चड्डी खाली केली. चुकीच्या कप्प्यात गेलेलं पुस्तक वर्षांनी सापडल्यावर मी त्याच्याकडे जसा बघतो, तशी ती त्या काळ्या खपलीकडे बघत राहिली.

"हे कधीपासून आहे?"

मी मास्क बाजूला केला. "इलॅस्टिकचं आहे ते."

"सर," ती म्हणाली, "मी विचारलं होतं." आवाजात राग नव्हता. मग ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "पण बघायला मीच हवं होतं."

औषध लगेच सुरू झालं. अठ्ठेचाळीस तासांत ताप उतरला. आजाराने दुखावलेल्या मूत्रपिंडांना सावरायला आणखी आठवडा लागला. एवढ्या यंत्रांच्या गराड्यात मला वाचवलं ते एका कॅप्सूलने. कोणत्याही गावात मिळते, तिचं कोणी उद्घाटन करत नाही.

शाल

साध्या वॉर्डात आलो त्या सकाळी डोकं पहिल्यांदा स्वच्छ होतं. खिडकीबाहेर लिंबाच्या झाडाकडे बघत होतो आणि एकदम तारीख आठवली. शर्यतीला चौदा दिवस राहिले होते. दोनशेवर माणसं, बरीचशी भरतीची तयारी करणारी मुलं-मुली, अर्ध्या चड्ड्या घालून त्या गवतातून जाणार होती. दगडा-दगडावर माझे बाण होते.

अशोकरावांना फोन केला. ते म्हणाले, "येतोच." आले ते समितीच्या सहा जणांना घेऊन. बरोबर शाल, नारळ आणि फोटोग्राफर.

"मार्गाचे शिल्पकार म्हणून सत्कार," अशोकराव म्हणाले. "तुमी तिथं येऊ शकणार न्हाई, म्हणून इथंच."

सलाईनचा हात वाचवत मला शाल पांघरली. मी म्हणालो, "अशोकराव, वाट बदला. वळणावरून सरळ सडकेनं न्या. ओढ्याच्या गवतात जाऊ देऊ नका."

"हसा जरा सर, फोटो आहे."

"मी मरता मरता वाचलोय."

"म्हणून तर सत्कार! बगा, मार्ग छापून झालाय, फ्लेक्स लागलेत. साहेब झेंडा दाखवायला येणार आहेत, त्यांना डोंगर पायजे. सडकेवरून पळायचं तर डोंगर कशाला म्हणायचं?"

"गवत तरी कापा."

"कापतो की. शब्द देतो."

मी स्पर्धेच्या ग्रुपवर सगळं सविस्तर लिहिलं. त्याखाली 'लवकर बरे व्हा'चे इतके गुच्छ येऊन पडले की माझा मजकूर शोधायला बोटाने बराच वेळ वर सरकावं लागे. डॉक्टरलाही सांगितलं. तिने तिच्या परीने आरोग्य खात्यात फोन केले. तिकडून उत्तर आलं की रुग्ण आढळले तर पथक पाठवू.

गवत कापलं गेलं हेही खरं. मला दवाखान्यातून सुटी झाल्यावर सुनंदा पाहून आली. वळणापासून पन्नासेक पावलं, फोटोग्राफर उभा राहणार तिथपर्यंत.

वेळेवर

मग आम्ही दोघांनीच ठरवलं. शर्यतीच्या सकाळी वळणावर जायचं, ओढ्याच्या वाटेवर दोरी बांधायची आणि येईल त्याला सडकेने सरळ पाठवायचं. अंतर चुकेल तर चुकेल.

पत्रिकेवर सहाची वेळ होती. आमच्याकडे पत्रिकेवरची वेळ म्हणजे मंडपवाल्याने यायची वेळ. पाहुणे आठला येणार, हार-तुरे, दोन भाषणं, झेंडा फार लवकर म्हटलं तरी साडेआठला. तरी सावधपणा म्हणून आम्ही साडेसहाला पोचायचं ठरवलं. सुनंदा स्कूटी चालवत होती. मागे मी काठी आणि दोरी घेऊन. पायांत अजून पुरेशी शक्ती नव्हती, उतरताना कोणाचा तरी हात धरावा लागे.

वळणावर पोचलो तर धुळीत बुटांचे ठसे.

पाहुण्यांनी आदल्या संध्याकाळी येणं रद्द केलं होतं. त्यामुळे भाषणं नाहीत, हार नाहीत, आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदाच आमच्या गावातला कार्यक्रम बरोबर वेळेवर सुरू झाला होता. सगळ्यात जोरात पळणारे पुढे निघून गेले होते. गवतात एक रेघ पडली होती, खिंडीच्या दिशेने. टोकाला पांढरे बनियन हलताना दिसत होते. मी हाक मारली. फुप्फुसातून आवाजच निघाला नाही. सुनंदाने शाळेतल्या आवाजात हाका मारल्या. एक हात वर झाला. आम्ही प्रोत्साहन देतो आहोत असं त्यांना वाटलं असावं.

दोरी बांधली. मागून येणारे सगळे सडकेने गेले. काहींनी कटकट केली, सुनंदापुढे कोणाची चालली नाही. अशोकराव जीपमधून आले, दोरी बघून खाली उतरले.

"सर, हे काय लावलंय? स्पर्धेचा पार इस्कोट केलाव तुमी!"

"आत किती गेले?" सुनंदाने विचारलं.

"आँ?"

"सर, माझ्या नवऱ्याला तुमी शाल घातली, मी त्याच खाटेजवळ होते. आत किती गेले ते सांगा."

अशोकराव तिच्याकडे आणि मग गवताकडे बघत राहिले. त्यांचा आवाज खाली आला. "नऊ. सात पोरं, दोन पोरी."

त्यांनी यादी काढली आणि नऊ नावांपुढे खुणा केल्या. बक्षीस वाटपाच्या वेळी मी त्या नऊ जणांना बाजूला घेतलं आणि काय बघायचं ते सांगितलं. गळ्यात पदक असलेला माणूस आजाराबद्दल ऐकून घेत नाही. मीही घेतलं नसतं.

नऊ फोन

त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी नऊ फोन करत होतो. सुरुवातीला मुलं 'हाव काका, बरं हाय' म्हणायची, नंतर 'काका, रोज कशाला', नंतर काहींनी उचलणं बंद केलं. मग सुनंदाच्या फोनवरून करायला लागलो. आठवा दिवस गेला, नववा, दहावा. तुम्हाला किंवा तुमच्या घरच्या कोणाला असाच ताप असेल तर माझं एवढंच सांगणं आहे : विचारू नका, बघा. विचारलं की माणूस 'नाही' म्हणतो.

अकराव्या दिवशी आठ जण बरे होते. नववी वैशाली, पोलीस भरतीची तयारी करणारी, मुलींत पहिली आलेली. दोन दिवस तिचा फोन लागत नव्हता, आज तिच्या आईने उचलला. गंगेपलीकडच्या एका खेड्यात घर आहे त्यांचं.

"झोपलीय ती. ताप हाय जरासा."

"कधीपासून?"

"परवापसून. सलाईन लावलंय की."

"ताई, तिच्या अंगावर कुठं काळी खपली आहे का?"

"न्हाई म्हणली ती. तुमी सांगितलं होतं म्हणून इचारलं मी."

"तुम्ही पाहिलं का?"

"आवं, एवढ्या मोठ्या पोरीचं अंग..."

सुनंदाने माझ्या हातातून फोन घेतला. "ताई, मी सरांची बायको बोलायलेय. दार लावून घ्या, दिवा लावा आन् सगळं बघा. काखा बघा, छातीखाली बघा, कमरेला नाडीच्या खाली बघा. ती न्हाई म्हणंल. तरी बघा. मी फोन ठेवत न्हाई."

पलीकडे फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. दार लागलं. लांबून मुलीचा चिडलेला आवाज, "काय करायलीस आई, सोड," आणि मग काहीच नाही. आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभे होतो. गॅसवर दूध होतं, ते सुनंदाने न बघताच बंद केलं.

बराच वेळ गेला. मग पावलं जवळ आली.

"हाय," वैशालीची आई म्हणाली.

मी तोवर चपला घातल्या होत्या.